कागदाविना सभा : प्रतिनिधींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि आसपासच्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची वार्षिक सभा यंदापासून कागदाविना होणार, हे पत्र सगळ्यांना मिळालं आहे. पत्र गेल्यापासून सचिवांचा फोन थांबलेला नाही. उपासना संपल्यावर भायखळ्याच्या आवारात, दादरच्या पुलावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत लोकांनी मला गाठून प्रश्न विचारले. ते जसे आले तसेच इथे घेतले आहेत. उत्तरं सभेच्या कामकाज समितीच्या वतीने मी लिहिली आहेत. काही ठिकाणी माझं स्वतःचं मतही आहे, ते ओळखू येईलच.

कागदाविना म्हणजे नेमकं काय? सभा घरी बसून मोबाइलवर होणार का?

नाही. सभा नेहमीसारखीच भरेल. आपण समोरासमोर बसू, प्रार्थनेने सुरुवात होईल, जेवणाला एकत्र असू. बदलतं ते सभेचं दप्तर. सूचनापत्र, विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त, समित्यांचे अहवाल, हिशेबपत्रकं, ताळेबंद, अंदाजपत्रक, ठराव आणि ठरावांवरच्या दुरुस्त्या हे सगळं एका संकेतस्थळावर ठेवलं जाईल. सभागृहात तुमच्या हातात गठ्ठ्याऐवजी फोन किंवा टॅबलेट असेल. बायबल आणि गीतपुस्तक आणायला कुणीही मनाई केलेली नाही. हा प्रश्नही तिघांनी विचारला, म्हणून लिहितो.

हे कशासाठी? छपाईचे पैसे वाचवायला?

पैसे वाचतील. समजा १०० प्रतिनिधी आणि प्रत्येकाला १५० पानं. म्हणजे १५,००० पानं. पाठपोट छापली तरी ७,५०० कागद, ५०० कागदांच्या १५ रीम. ए-४ आकाराची नेहमीची एक रीम साधारण अडीच किलोची असते, म्हणजे साडेसदतीस किलो कागद. तो छापायचा, जुळवायचा, पिना मारायच्या आणि टॅक्सीत घालून सभागृहापर्यंत न्यायचा. पिना मारण्याचं काम मी स्वतः अनेक वर्षं केलं आहे. सभेच्या आदल्या रात्री तरुण संघाची मुलं अकरापर्यंत जमिनीवर बसून पानं लावायची.

पण माझ्या दृष्टीने खरं कारण वेगळं आहे. गठ्ठा सकाळी नऊ वाजता दारात हातात पडायचा आणि साडेअकराला खजिनदारांचा अहवाल मंजुरीला यायचा. मधल्या वेळात भक्ती, हजेरी, स्वागत आणि चहा. चाळीस पानांचा हिशेब कुणी, कधी वाचायचा? समितीत बसणाऱ्या दहा-बारा जणांना तो आधीपासून पाठ असे आणि बाकीचे "मंजूर" म्हणून हात वर करत. मीही केला आहे. एका वर्षी एका आवाराच्या भाडेकराराला मी हात वर करून संमती दिली आणि त्यात काय लिहिलं होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं. करारात वावगं काही नव्हतं. पण असतं, तरीही माझा हात वरच असता. तेव्हापासून हे मनाला टोचत राहिलं.

आता प्रत्येक कागद सभेच्या २१ दिवस आधी तुमच्यासमोर असेल. विक्रोळीची प्रतिनिधी आणि कार्यकारी समितीचा सभासद यांना एकच गोष्ट एकाच दिवशी वाचायला मिळेल. ही सगळी खटपट त्यासाठी आहे.

असं आणखी कुठे करतात का, की प्रयोग आपल्यावरच?

पुष्कळ ठिकाणी करतात. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए) या मंडळीची पहिली महासभा १७८९ मध्ये फिलाडेल्फियात भरली होती. अलीकडच्या काळात या महासभेचं कामकाज पीसी-बिझ नावाच्या संकेतस्थळावर चालवलं जातं. खालच्या सभांकडून आलेली निवेदनं, समित्यांच्या शिफारशी आणि त्यांचं पुढे काय झालं हे तिथे विषयवार पाहता येतं. २०२० मध्ये त्यांची २२४ वी महासभा बाल्टिमोरला भरायची होती. कोविडमुळे ती पूर्णपणे ऑनलाइन घ्यावी लागली. कागदाची सवय आधीच सुटलेली असणं त्या वेळी उपयोगी पडलं असणार, असं मला वाटतं.

चर्च ऑफ स्कॉटलंडची २०२० ची महासभा रद्द झाली आणि २०२१ मध्ये बहुतेक प्रतिनिधी घरूनच ऑनलाइन सामील झाले. त्या देशाशी तर आपलं जुनं नातं आहे. १८२९ मध्ये मुंबईत आलेले आणि १८३२ मध्ये इथे शाळा सुरू करणारे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे, ते १८७० मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेचे मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, होते. सभेची शिस्त, म्हणजे सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, इतिवृत्त, आपल्याकडे अशाच लोकांकडून आली. ती शिस्त आपण मोडत नाही आहोत.

आपली मंडळी छापलेल्या शब्दावर वाढली. कागद सोडून कसं चालेल?

हा प्रश्न एका ज्येष्ठ पाळकसाहेबांचा आहे आणि तो मला मनापासून आवडला. खरंच, मराठी छपाईच्या इतिहासात आपलं पान मोठं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि थोड्याच वर्षांत त्यांचा छापखाना सुरू झाला. तिथल्या थॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक ठसे घडवले. त्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढला. आपलं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ पासून निघतं आहे.

पण त्या लोकांनी छपाई का धरली? हाताने नक्कल केलेली पोथी दहा जणांपर्यंत पोचायची आणि छापलेलं पुस्तक हजारांपर्यंत. त्या काळात सगळ्यांच्या हाती पोचणारं साधन तेच होतं. आज पोचण्याचं साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

लॉगिन कसं करायचं?

तुमच्या मंडळीने प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव पाठवताना जो मोबाइल क्रमांक दिला, तोच टाकायचा. त्यावर ओटीपी येतो, तो भरला की आत. पासवर्ड ठेवलेलाच नाही, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न नाही.

एक अडचण चाचणीच्या वेळी लक्षात आली. काही घरांत पती आणि पत्नी दोघंही प्रतिनिधी आहेत आणि दोघांच्या नावापुढे एकच क्रमांक दिला आहे, बहुधा पतीचा. एका क्रमांकावर एकच प्रतिनिधी नोंदवता येतो. बहिणींना विनंती, तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. नसेल तर मुलाचा, सुनेचा, शेजारणीचा चालेल, फक्त तो माणूस ओटीपी सांगायला जवळ असावा. कागदपत्रं "घरी एक प्रत आहे ना" म्हणून बाईंच्या हातात न येणं हे यापूर्वीही घडत होतं. ते यात पुन्हा घडू नये.

ओटीपी फक्त लॉगिनच्या पानावर भरायचा. समितीतला कुणीही तो फोनवरून विचारणार नाही. विचारला तर फोन ठेवून द्या.

मला साधा फोन वापरता येतो. डोळ्यांनाही कमी दिसतं. मी प्रतिनिधी राहू नये का?

कृपा करून असं म्हणू नका. दोन ज्येष्ठ सभासदांनी या कारणासाठी नाव मागे घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा आमच्या समितीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यानंतर पुढील व्यवस्था ठरली.

प्रत्येक मंडळीत तरुण संघातले दोघे जण सोबती म्हणून नेमले आहेत. सभेआधीच्या तिन्ही रविवारी उपासनेनंतर एक तास ते प्रतिनिधींबरोबर बसतील. लॉगिन करून देणं, अक्षर मोठं करणं आणि हवं असल्यास अहवाल मोठ्याने वाचून दाखवणं हे त्यांचं काम. काय मत द्यावं हे सांगणं त्यांचं काम नाही, हे त्यांना स्पष्ट बजावलं आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून दाखवते. दोन दिवस सराव लागतो, पण ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांना यामुळे कुणाच्याही मदतीशिवाय पूर्ण अहवाल ऐकता येईल. छापील गठ्ठ्याने ही सोय कधीच दिली नव्हती.

आणि ज्यांना कागदच हवा त्यांना कागद मिळेल. मोठ्या अक्षरात, घरपोच, सभेच्या किमान दहा दिवस आधी. मंडळीच्या सचिवांकडे नाव द्या. कारण विचारलं जाणार नाही. कागदाविना सभा हे नाव आहे, कागदाला बंदी नव्हे.

अक्षरं तुटकी दिसतात, किंवा मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. का?

हा प्रश्न कंटाळवाणा वाटेल, पण सर्वांत जास्त तक्रारी याच आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपले बरेचसे जुने अहवाल श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. या जुन्या पद्धतीत संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. तिथे इंग्रजी कळांची चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना वरून देवनागरीचा वेष चढवतो. ज्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, तिथे वेष गळून पडतो आणि अगम्य चिन्हं दिसतात. पीडीएफ केली तर डोळ्यांना नीट दिसतं, पण "भाडे" शोधलं तर काही सापडत नाही, कारण आत "भाडे" नाहीच. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो. फोन कुठलाही असो, "क" हा "क"च राहतो. म्हणून यंदापासून सगळे अहवाल युनिकोडमध्येच घेतले जातील. जुन्या फॉन्टमधला अहवाल आला तर आम्ही तो रूपांतरित करू. पण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेव्हा एकदा वाचून द्यावा लागेल.

युनिकोडमध्येही दोन-तीन खाचा आहेत. "कर्मचाऱ्यांचे" या शब्दातला "ऱ्या" दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला सारखा, पण संगणकाला वेगळा वाटू शकतो. "ॲडव्होकेट" मधल्या "ॲ"चंही तसंच. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीचे आणि अजूनही काही लोक "अ"वर चंद्र देऊन तो लिहितात. शिवाय आपण स्वतः एक शब्द दोन तऱ्हांनी लिहितो, कुणी "बाप्तिस्मा", कुणी "बप्तिस्मा". उपाय सोपा आहे. शब्दाचा निर्विवाद तुकडा शोधा. "कर्मचा" टाका, "डव्होकेट" टाका, "प्तिस्मा" टाका. दोन्ही रूपं सापडतील.

मंडळीचा अहवाल आम्ही हाताने लिहितो. फोटो काढून पाठवला तर चालेल?

वहीचा फोटो चालणार नाही. तो शोधता येत नाही आणि टॉकबॅकला वाचता येत नाही. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय वापरा, मराठी बऱ्यापैकी येतं. फक्त माणसांची नावं आणि बायबलमधली नावं तपासा. आमच्या चाचणीत "फिलिप्पैकर" चे तीन वेगवेगळे अवतार निघाले. आकडे तर दोनदा तपासा. अगदीच जमत नसेल तर सोबत्यांना सांगा, ते टाइप करून देतील. शेवटची तारीख सूचनापत्रात आहे आणि ती पुढे ढकलली जाणार नाही. एक अहवाल उशिरा आला की २१ दिवसांचं वचन सगळ्यांसाठीच मोडतं.

विषयांना ते ०३-०७ असे क्रमांक काय आहेत?

पहिले दोन आकडे समितीचे, पुढचे दोन विषयाचे. अध्यक्ष क्रमांक पुकारतील, तुम्ही तो टाकायचा, मजकूर समोर येईल.

आमच्या मंडळीला एक विषय सभेपुढे आणायचा आहे. कसा आणायचा?

मार्ग पूर्वीचाच. तुमच्या पाळक समितीत ठराव मंजूर करा, सूचक आणि अनुमोदक यांची नावं इतिवृत्तात घ्या आणि पाळकसाहेब व सचिव यांच्या सहीच्या ठरावाची प्रत संकेतस्थळावर चढवा. कार्यालय तो तपासून योग्य समितीकडे पाठवतं. तिथून पुढे त्या विषयाशेजारी त्याची सद्यस्थिती दिसत राहील : समितीपुढे, सभेपुढे, मंजूर, दुरुस्तीसह मंजूर, नामंजूर, पुन्हा समितीकडे.

या शेवटच्या सोयीची मला सर्वांत जास्त वाट होती. पूर्वी एखाद्या लहान मंडळीने पाठवलेला विषय "विचाराधीन" या एका शब्दात वर्षानुवर्षं पडून राहायचा. विचारायचं तर कुणाला? आता तो कुठे, किती दिवसांपासून थांबला आहे हे सगळ्यांना दिसेल.

अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय राहतील का?

राहतील, पण पैसा, मालमत्ता आणि नेमणूक यांतला कुठलाही विषय ऐनवेळी घेतला जाणार नाही.

सभागृहात दुरुस्ती सुचवायची असेल तर?

इथे ही पद्धत कागदापेक्षा खरोखर उजवी आहे, म्हणून एक उदाहरण घेतो. समजा मूळ ठराव असा आहे : "आवारातील छपराच्या दुरुस्तीचा खर्च कार्यकारी समितीने आपल्या अधिकारात करावा." तुम्हाला वाटतं, खर्चाला मर्यादा हवी. पूर्वी तुम्ही उभं राहून बोलायचात, कुणीतरी "हो, मर्यादा असावी" म्हणायचं, दुसरा "पाच लाख" म्हणायचा, तिसरा "जीएसटी धरून की सोडून?" शेवटी हात वर व्हायचे आणि नेमक्या कोणत्या शब्दांना मत दिलं हे इतिवृत्त लिहिणारा आपल्या समजुतीने ठरवायचा. पुढच्या वर्षी इतिवृत्त वाचताना भांडण.

आता दुरुस्ती शब्दांत लिहून द्यावी लागेल. तुमच्या फोनवर त्या विषयाखाली "दुरुस्ती" असं बटण आहे. तिथे लिहा, किंवा टेबलाशी बसलेल्या लेखनिकाला सांगा, तो टाइप करेल. अनुमोदकाने आपल्या फोनवरून संमती द्यायची. मग मोठ्या पडद्यावर आणि प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर दिसेल. वगळलेले शब्द खोडलेले आणि नवे अधोरेखित : "आवारातील छपराच्या दुरुस्तीचा ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च कार्यकारी समितीने आपल्या अधिकारात करावा, त्यापुढील खर्चासाठी सभेची मंजुरी घ्यावी." अध्यक्ष तो मोठ्याने वाचतील. आधी दुरुस्तीवर मत, मग दुरुस्त झालेल्या ठरावावर मत. हा क्रम जुनाच आहे.

तुमच्या फोनवर जुना मजकूर दिसत असेल तर पान खाली ओढून ताजं करा. शंका आली तर मोठ्या पडद्यावरचा मजकूर अंतिम.

मतदान पण मोबाइलवर?

नाही. ठरावांवर हात वर करून आणि निवडणुकीसाठी कागदी गुप्त मतपत्रिका. हा निर्णय आम्ही जाणूनबुजून घेतला आहे. ज्या यंत्रणेत ओटीपीने तुमची ओळख पटते, त्याच यंत्रणेत तुमचं मत गुप्त राहतं हे सामान्य सभासदाला डोळ्यांनी पाहून पटवून देता येत नाही. पेटी उघडून सर्वांसमोर चिठ्ठ्या मोजल्या की पटतं. निवडणुकीनंतर हरलेल्या उमेदवारालाही त्याच मंडळीत पुढच्या रविवारी शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायचं असतं. त्याच्या मनात शंकेचा कण राहता कामा नये. मतपत्रिकांना लागणारा कागद लागू दे.

गणपूर्तीची हजेरीही दारात सही घेऊनच होईल. लॉगिन केलं म्हणजे हजर, असं धरलं जाणार नाही.

आत नेटवर्क येत नाही. वीज गेली तर? बॅटरी संपली तर?

आपल्या जुन्या उपासनामंदिरांच्या दगडी भिंती इतक्या जाड आहेत की आत काही ठिकाणी फोनही लागत नाही, हे खरं. सभागृहात वायफाय बसवलं आहे. पण त्यावर विसंबू नका. आदल्या रात्री घरीच "सर्व उतरवून घ्या" हे बटण दाबा, सगळे कागद फोनमध्ये येतील आणि नेटशिवाय उघडतील. नंतरच्या दुरुस्त्या तेवढ्या वायफायवरून येतील. फोन पूर्ण चार्ज करून आणा. दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत चार्जिंगच्या पट्ट्या आहेत. कल्याणहून किंवा विरारहून येणाऱ्यांना सांगणं एवढंच की गाडीत लटकत अहवाल वाचू नका. २१ दिवस त्यासाठीच दिले आहेत.

वीजच गेली तर अध्यक्षांच्या टेबलावर प्रत्येक विषयाची एक छापील प्रत असेल. काम थांबणार नाही.

सगळं सगळ्यांना दिसणार का? पगार, तक्रारी, कोर्टाच्या बाबी?

नाही. अहवाल, हिशेब, ठराव आणि इतिवृत्त खुले आहेत. एखाद्या व्यक्तीविरुद्धची तक्रार, एखाद्या कुटुंबाला दिलेली वैद्यकीय मदत, न्यायालयात चालू असलेल्या मालमत्तेच्या दाव्यातला वकिलांचा सल्ला हे फक्त संबंधित समितीला दिसेल. कर्मचाऱ्यांच्या पगाराची एकूण रक्कम हिशेबात असेल, नावानिशी यादी नसेल. सभासदांचे फोन क्रमांक, पत्ते आणि जन्मतारखा संकेतस्थळावर कुठेही नाहीत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरीही, विश्वासाने सांगितलेलं विश्वासाने जपणं मंडळीवर बंधनकारकच आहे.

एक कळकळीची विनंती. समितीपुरत्या कागदाचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. "फक्त आपल्या गटात" म्हणून टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत कुठे जातो हे आपण पाहिलं आहे. एका बहिणीची घरगुती अडचण अशीच गटागटांतून फिरली आणि ती त्यानंतर कितीतरी महिने उपासनेला आली नाही.

हे कायद्याने चालतं का? धर्मादाय आयुक्त मान्य करतील?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातल्या नोंदींना कायदेशीर मान्यता दिली आहे. तरीही इतिवृत्ताची मूळ वही आपण बंद करत नाही. अंतिम इतिवृत्त छापून, पानांवर क्रमांक घालून, अध्यक्ष आणि सचिव यांच्या शाईच्या सह्यांसह वहीत राहील. त्याचं व्यावहारिक कारण आहे. आपल्या मालमत्ता ज्या न्यासांच्या नावे आहेत ते महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली येतात. विश्वस्त बदलले किंवा मालमत्तेत फरक पडला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो आणि त्याला सभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत जोडावी लागते. कुणी "आता सगळं ऑनलाइन आहे" म्हणून वही बाजूला ठेवली, तर पुढच्या पिढीला फार जड जाईल.

जुन्या नोंदवह्यांचं काय करणार?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी उपनगरातल्या एका मंडळीच्या तळमजल्यावरच्या कपाटात कमरेइतकं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं तेव्हा मी तिथे होतो. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्यांचे लगदे झाले होते. शाई पाझरून पानंच्या पानं निळी झाली होती. आम्ही त्या गच्चीवर वाळत घातल्या, पानं सोडवायचा प्रयत्न केला. काही नावं वाचता आली, बरीचशी नाही. एक आजोबा रोज येऊन आपल्या आईचं नाव सापडलं का विचारायचे.

म्हणून यंदाच्या कामाचा दुसरा टप्पा जुन्या वह्या स्कॅन करण्याचा आहे. वह्या सपाट यंत्रात दाबू नका, पाठ मोडते. वरून फोटो घेणारं स्कॅनर मंडळी-मंडळीत फिरवलं जाईल. स्कॅनच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी राहतील, त्यांतली एक मुंबईबाहेर. वाळवी लागलेलं किंवा मोडी लिपीतलं काही सापडलं तर हात न लावता आम्हाला कळवा. आणि स्कॅन झालं म्हणून एकही मूळ वही रद्दीत जाणार नाही.

सभेत काय ठरलं ते नंतर कधी कळेल?

त्याच संध्याकाळी, विषय क्रमांकासमोर. कच्चं इतिवृत्त सात दिवसांत.

मी प्रतिनिधी नाही, साधी सभासद आहे. मला काही पाहता येईल का?

हा प्रश्न सर्वांत शेवटी आला, परळच्या एका मावशींकडून, आणि खूप संकोचाने. हो मावशी, पाहता येईल. खुले कागद वाचायला लॉगिन लागतच नाही. संकेतस्थळ उघडा, "अहवाल" वर बोट ठेवा, तुमच्या मंडळीचं नाव निवडा. तुम्ही महिला मंडळात दिलेली वर्गणी कुठल्या कामी लागली तेही तिथे आहे, पान सातवर. मत देता येणार नाही, पण तुमच्या प्रतिनिधीला रविवारी गाठून "पान सातवरचा हा आकडा काय आहे?" असं विचारता येईल. सूचनापत्रात संकेतस्थळाचा पत्ता आहे. तेच पत्र प्रत्येक मंडळीच्या दारातल्या फलकावरही लावलं आहे. उंची बेताची ठेवायला सांगितली आहे, म्हणजे वाचताना टाचा उंचवायला नकोत.